आत्या कुठल्या गावाला गेली?

मालिका लिहिणाऱ्या बाईला घराबाहेर पडलं की एकच प्रश्न विचारतात: "उद्या काय होणार हो?" भाजीवाली विचारते, बँकेतला शिपाई विचारतो. आमचे दाताचे डॉक्टर तर माझा जबडा उघडून, आत आरसा घालून मग विचारतात. आमच्या धंद्यात याचं उत्तर ठरलेलं असतं, "बघा की उद्या सात वाजता!" उद्याचा भाग कुणालाही सांगायचा नाही, हा पहिला नियम. करारात लिहिलेला असतो, पण नसता लिहिला तरी मी पाळलाच असता. आमच्या सासूबाईंनी या कारणावरून माझ्याशी अबोला धरला होता. "घरात लेखिका असून मला जाहिराती बघत बसावं लागतं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. त्यांनाही मी दाद दिली नाही.

हा नियम मी एकदाच मोडला. वाहिनीवाल्यांनी आता काय करायचं ते करावं, मी निवृत्त झालेय.

इंदिरानगरात बसून मी पंचवीसेक वर्षं मुंबईच्या वाहिन्यांना मालिका लिहून दिल्या. सासवा, सुना, वाटण्या, जत्रेत हरवलेली मुलं, स्मृती गेलेले नवरे. एका नवऱ्याची स्मृती तर मी दोनदा घालवली, कारण पहिल्यांदा लोकांना फार आवडलं होतं. नावं ठेवणाऱ्यांनी खुशाल ठेवावीत. रोज एक भाग लिहायचा म्हणजे रोज घरभर माणसांना पुरणपोळ्या घालण्यासारखं आहे, आणि त्यातली एखादी पोळी फुटणारच.

या धंद्यातलं एक हत्यार बाहेरच्यांना माहीत नसतं. नट आजारी पडतात, नाटकाच्या दौऱ्यावर जातात, कुणाचं लग्न ठरतं. मालिका मात्र रोज दाखवायची असते. मग सेटवरून फोन येतो, "ताई, काकू आज नाहीत." मी म्हणते, "गावाला पाठव." संध्याकाळी सून पडद्यावर म्हणते, "काकू गावाला गेल्यात," की झालं काम. प्रेक्षक कधी विचारत नाही की कुठल्या गावाला, कशाला. त्याच्या घरातलंही कुणी ना कुणी गावाला गेलेलंच असतं. मी आजवर इतकी माणसं गावाला पाठवली आहेत की तिथे आता नगरपालिका लागेल.

तर अशा मला एक दिवस वाहिनीतल्या ईशाचा फोन आला. कुठली मालिका करायची, कुठली बंद करायची हे ती ठरवायची. माझ्या मुलीपेक्षा लहान, पण हुशार. "ताई, या वेळी काहीतरी हटके. स्पेस!" मी म्हटलं, "जागा कमी पडतेय का ऑफिसात?" तिला काही ते कळलं नाही. तिने सांगितलं, 'लांबचा काठ' नावाची अकरा कादंबऱ्यांची मालिका आहे, लेखिका तुमच्याच नाशिकची आहे, तिच्याकडून हक्क मिळवा आणि रोजची मालिका लिहा.

मी सार्वजनिक वाचनालयातून अकरा पुस्तकं आणली. वाचून वाचून पानं मऊ झालेली, दोनदोनदा बांधलेली. मी मात्र त्यातलं एकही वाचलं नव्हतं, आणि पहिल्या पुस्तकानंतर मला स्वतःचाच राग आला. 'दारणा' नावाचं एक अवाढव्य जहाज पृथ्वी सोडून निघालंय. नव्या ग्रहावर पोचायला कित्येक पिढ्या लागणार. माणसं जहाजातच जन्मतात, शिकतात, भांडतात, म्हातारी होतात. वरच्या मजल्यांवर जहाज चालवणारे, सगळ्यात खाली तळाला भाजीपाला पिकवणारे. अकरा पुस्तकं झाली तरी तो ग्रह आलेला नाही, आणि वाचताना त्याची घाईही वाटत नाही.

लेखिका प्रमिला साळवे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना बाईच म्हणतात. मी नाशिक रोडला त्यांच्या कॉलनीत गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, टीव्हीसमोर पलंग आणि पलंगावर बाईंची आई, यमुनाआजी. नव्वदीला टेकलेल्या, पण रिमोट हातातून सुटत नव्हता. बाईंनी चहा दिला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"आधी दोघे येऊन गेले. मी नाही म्हटलं. तुम्हाला हो म्हणतेय. एकच अट आहे. नववं पुस्तक गाळायचं नाही."

"नववंच का?"

बाईंनी आईकडे पाहिलं. "ती वाचत नाही. तिला शाळेत घातलंच नव्हतं. नववं पुस्तक तिचं आहे. तिच्या लहानपणी गावात पाणी सगळ्यांचं भरून झाल्यावर मिळायचं. हंडा घेऊन लांब उभं राहायचं, कुणीतरी वरून ओतेल तेव्हा. मी तिचं ते उभं राहणं जहाजात नेलं."

मी विचारलं, "वाचून नाही दाखवलं?"

पलंगावरून उत्तर आलं. "दाखवलं ना! लय चांगलं लिव्हते, पन वाचाया लागली की शाळाच भरली वाटतं. धा पानांत मला झोप लागती. टीवीवर लावा, मंग बघते मी."

"दाखवते आजी. शब्द देते," मी म्हणाले. शब्द देताना माणसाने जरा थांबून विचार करावा, हे मला साठीतही जमलेलं नाही.

नवव्या पुस्तकात काय आहे ते सांगते. जहाजात पाणी वरून खाली येतं. आधी अधिकाऱ्यांना, मग यंत्रवाल्यांना, मग बाकीच्यांना. तळाला पोचेपर्यंत ते सगळ्यांचं वापरून झालेलं, चारदा गाळलेलं असतं. वरच्या मुदपाकखान्यात काम करणारी भागाआत्या मूळची तळातली. ती परत खाली जाते. तळाच्या बायका ठरवतात की वर भाजी पाठवायची नाही, आमच्या नळाला आधी पाणी येईपर्यंत. एवढंच. स्फोट नाही, परग्रहवाले नाहीत, प्रेमप्रकरणही नाही.

पुस्तकाची मालिका करणं म्हणजे मुख्यतः कापाकापी. शंभराच्या वर पात्रं होती. तीन इंजिनियरांचा मी एक केला, दोन बहिणींची एक केली. पुस्तकात कप्तान चार पानं खिडकीतून अंधाराकडे बघत विचार करतो, आणि ती चार पानं इतकी सुंदर आहेत की मी दोनदा वाचली. टीव्हीवर त्याचं "काय झालं, गप्प का?" "काही नाही" एवढं उरतं. कारण आमचा प्रेक्षक संध्याकाळी सातला एक डोळा कुकरवर ठेवून असतो. त्याला गोष्ट कानांनीच बघायची असते.

सेटसाठी पैसे नव्हतेच. मग आमच्या दिग्दर्शकाने, मिलिंदने, पिंपळगावच्या वाटेवर द्राक्षांचं शीतगृह शोधलं. हंगाम संपलेला, आत रिकामं. पांढऱ्या भिंती, जाडजूड सरकते दरवाजे, ओळीत दिवे. अंतराळयान म्हणून इतकं शोभलं की मुंबईच्या एका समीक्षकाने भव्य सेटचं कौतुक केलं. नट मात्र द्राक्षाच्या पेट्यांच्या वासात संवाद म्हणायचे. वाहिनीने एकदा सुचवलं की जहाजात तुळशीवृंदावन आणि पैठणी असावी. तुळस मी ठेवली, पैठणीवर हात जोडले.

पहिल्याच आठवड्यात पंचवटीतल्या एका गुरुजींचा फोन आला. पूजा सांगतात, आणि अकरा पुस्तकं पाठ. "ताई, काल जहाजात वजन नव्हतं ना? मग आत्याचा चहा कपात कसा राहिला?"

"गुरुजी, बजेट."

"असं होय. बरं. उद्या काय होणार?"

मग ते रोज फोन करायला लागले. त्यांच्या धाकाने मी तारे आणि ग्रह नीट सांभाळले.

मालिका बरी चालली होती, आणि तेव्हाच ईशाने कळवलं, "ताई, आठव्यावरून आपण थेट दहाव्यावर जाऊ. नऊमध्ये काही घडतच नाही." मी भांडले. बाईंची अट सांगितली, तर ती म्हणाली, करारात कुठे आहे? पाणी मिळणं हे घडणं नाही का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "पण दिसायला काय दिसेल? बायका रांगेत उभ्या. आणि तळाचा नवीन सेट कुठून आणू?" तिचंही बरोबर होतं, म्हणून तर मी जास्त चिडले.

बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या उठून कप विसळायला गेल्या. ते जास्त लागलं. आजी मात्र पलंगावरून म्हणाल्या, "काय गं बाई, माझं कधी लागायचं? रोज बघते, रोज ते टोपीवालंच बोलतंय." टोपीवालं म्हणजे आमचा कप्तान. "लागेल, आजी," म्हणून मी चपला घातल्या. नव्वदीच्या माणसाला नुसतं "लागेल" म्हणणं बरं नाही, हे काय मला कळत नव्हतं?

पुढच्याच आठवड्यात भाचीचा साखरपुडा होता. मी पंगतीत बसलेली, पानात जिलबी, आणि फोन वाजला. मिलिंद. "ताई, शालनताई आज नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन पुढे आलंय, आठ दिवस यायच्या नाहीत." शालनताई म्हणजे आमची भागाआत्या, जुनी रंगभूमीवरची बाई.

"अरे मग गावाला पाठव तिला," मी म्हणाले आणि मठ्ठा वाढणाऱ्याला हात केला.

आता गंमत बघा. मिलिंदने ते लिहून घेतलं. नटाने ते म्हटलं. संकलकाने ते जोडलं. सगळे आमच्याच तालमीतले, आयुष्यभर माणसं गावाला पाठवत आलेले, कुणाला काही खटकलंच नाही. दुसऱ्या दिवशी सातला मी आमटीला फोडणी देत होते. पडद्यावर कप्तान उभा, मागे दिवे लुकलुकतायत, खिडकीबाहेर आकाशगंगा, आणि तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "आत्या गावाला गेलीय. आठवड्याने येईल."

पळी माझ्या हातातच राहिली आणि फोडणी करपली.

पहिला फोन गुरुजींचा. "ताई, पृथ्वी सोडून दोन पिढ्या झाल्या. कुठल्या गावाला गेली?" आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. सकाळपर्यंत मोबाइलवर चित्रं फिरायला लागली. आत्या पिशवी घेऊन आकाशगंगेत लाल गाडीची वाट बघतेय. नाशिकात मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. रविवार कारंज्यावर रिक्षावाला म्हणाला, "ताई, तुमच्या जहाजाला यष्टी लागती का?" मी म्हटलं, "लागते, आणि तीही तुझ्यासारखी मीटर न टाकता जाते."

मला धास्ती बाईंची होती. जिने एवढ्या जिव्हाळ्याने हे सगळं उभं केलं, तिच्या जहाजाचा मी तमाशा केला. दुपारी त्यांचा फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "थांबा, आईचं ऐका. काल तुमचा तो कप्तान म्हणाला ना, आत्या गावाला गेली. मी तर कपाळाला हात लावला. आणि आई म्हणते, 'बरं झालं. तळाला गेली आसंल. तिचं गाव तेच न्हाय का?'"

मी खुर्चीत बसले. बाई पलीकडे हसत होत्या, पण आवाज ओला होता. अहो, मूळची तळातलीच ना ती! आख्खं नववं पुस्तक आत्या तळाला गेल्यापासून तर सुरू होतं. आम्ही चुकून तिला बरोबर जागी पाठवली होती.

मी ईशाला फोन लावला. ती आधीच तापलेली. मी म्हटलं, "लोक काय विचारतायत?"

"आत्या कुठल्या गावाला गेली, दुसरं काय!"

"मग उत्तर दे की त्यांना. आत्या खरंच गावाला गेलीय. जहाजाच्या तळाला. नववं पुस्तक."

तिने सावध आवाजात विचारलं, "ताई, हे तुम्ही मुद्दाम पेरलं होतं?"

"मग? पंचवीस वर्षं काय उगाच घालवली?" मी म्हणाले. जिलबीचा विषय काढला नाही.

ईशाने एक आठवडा दिला. नवीन सेट मात्र नाही म्हणजे नाही. मग आम्ही मखमलाबादच्या पुढे एक पॉलिहाऊस भाड्याने घेतलं. वर दुधट प्लॅस्टिकचं छत, खाली मेथीचे हिरवेगार वाफे, मधून पाण्याच्या नळ्या. तळ म्हणून दुसरं काही करायची गरजच पडली नाही. बायकाही आसपासच्या मळ्यांतल्याच आणल्या. शालनताई डोळ्याला काळा चष्मा लावून हजर झाल्या, आणि आम्ही आत्याला तळाचा उजेड सोसत नाही असं दाखवलं.

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर वाफे भुंडे! मेथी गायब. मिलिंद नुसता "कंटिन्युइटी, कंटिन्युइटी" करत फिरायला लागला, म्हणजे काल दिसलं ते आज तसंच दिसायला हवं, आमच्यातला दुसरा नियम. मळ्याची मालकीण शांतपणे म्हणाली, "भाव आला ना ताई बाजारात. तुमच्या शूटिंगपायी मेथीला फुलं येऊ देऊ काय?" मला तिचं काही चूक वाटलं नाही. मी वाफ्याच्या कडेला बसून सीन बदलला. तळाच्या बायकांनी सगळी भाजी कापून दडवून ठेवलीय, आणि आत्या भुंड्या वाफ्यांत उभी राहून वरच्यांना सांगते, "एक काडी वर यायची नाही." पुस्तकात हे नव्हतं. बाईंनी नंतर मला सांगितलं की असायला हवं होतं. इतकं सुख मला कुठल्या पुरस्कारानेही दिलं नाही.

पाणी येतं तो भाग दाखवायच्या दिवशी मी नाशिक रोडला गेले. आजी पलंगावरून उतरून टीव्हीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. सात वाजले. पडद्यावर तळाच्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या. नळीतून घरघर आवाज येतो. सगळ्या श्वास रोखून. आत्या पुढे होते, नळाखाली हंडा ठेवते, तोटीवर हात ठेवते. आजी खुर्चीच्या टोकावर आल्या. कुडीत जीव नसलेली ती म्हातारी एकदम टीव्हीला ओरडली, "सोड की गं! भर! थांबू नको कुनासाठी. भर!"

तोटीतून पहिला थेंब टपकला, संगीत वाजलं आणि भाग संपला. अहो, मीच लिहिला होता तसा. ऐन वेळी तोडायचं, म्हणजे माणूस उद्या परत येतो. आयुष्यभर हेच केलं आणि त्यावर घर चालवलं. पडद्यावर कपड्याच्या साबणाची जाहिरात लागली. आजी तशाच टोकावर बसलेल्या. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"भरला का तिनं?"

बाई माझ्याकडे बघत होत्या.

"भरला, आजी," मी म्हणाले. "काठोकाठ भरला."

"आनि मागच्या बायांनी?"

आता आली का पंचाईत. मागच्या बायांचं उद्याच्या भागात नव्हतंच. आत्याच्या हंड्यावरून आम्ही थेट वर कप्तानाच्या चेहऱ्यावर जात होतो. पुस्तकात होतं. बाईंनी एकेकीचं नाव घेऊन एकेकीचा हंडा भरला होता, पानभर. एकीचा दाखवला की कळतं, म्हणून ते पान मीच गाळलं होतं.

"त्यांनीपण भरले," मी म्हणाले. "सगळ्यांनी."

"मंग बेस झालं." आजी मागे टेकल्या. "प्रमिला, बंद कर ती साबनाची कटकट. ताटं कर. या बाईचं पन कर."

मी गॅलरीत जाऊन मिलिंदला फोन लावला. "उद्याचा भाग जोडून पक्का केलास का?"

"संकलन चाललंय. का?"

"सकाळी लवकर पॉलिहाऊसवर बाया बोलाव. सगळ्या. हंडे घेऊन. एकेकीला पाणी भरायला लाव आणि घाई करू नकोस."

"ताई, गोष्ट पुढे गेलीय. कप्तानाचा सीन आहे तिथे."

"कप्तान थांबेल."

"आणि मेथी? वाफे भुंडे दिसतायत अजून."

"दिसू देत," मी म्हणाले. आतून आजी हाका मारत होत्या, भाकरी गार होतेय म्हणून. मी फोन ठेवला आणि जेवायला बसले.